रंग वाळेपर्यंत

२ मार्च, सोमवार

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, महिना. फार तर दीड.

मी म्हटलं, नीट बघा, तुमचं मशीन चुकत असेल. त्यांनी पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला. मी काय आता रडणार, असं वाटलं असेल त्यांना. मी नाही रडले. त्यांच्यासमोर तर मुळीच नाही.

परत येताना बसमध्ये बारक्या खिडकीशी बसला होता. दुकानांच्या पाट्या वाचत होता. एका पाटीकडे बोट दाखवून म्हणाला, "ताई, बघ रंग कसा दिलाय. ब्रशचे फराटे दिसतायत." एकोणपन्नास वर्षांचा माझा भाऊ, फुप्फुसं निकामी झालेली, आणि दुसऱ्याच्या पाटीला नावं ठेवतोय. मी म्हटलं, गप बस. तो गप बसला. त्याला मी सांगितलं की तो ऐकतो. लहानपणापासून तसाच आहे.

भावजयीने दार उघडलं. माझ्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि आत जाऊन नळ सोडून उभी राहिली. तिचं रडणं असंच असतं, भांडी घासता घासता.

३ मार्च

काम केलं नाही. मशीनवर बसले, सुईत दोरा ओवला, उठले.

अठ्ठावीस वर्षं आम्ही दोघं एकाच यार्डात. तो पुढच्या अंगणात होड्या रंगवतो, मी मागच्या शेडमध्ये होड्यांची कव्हरं आणि गाद्या शिवते. मीच चिकटवला त्याला इथे. शाळा अर्धवट सोडलेली, आई गेलेली, बापाचा पत्ता नाही. मी मालकांना म्हटलं, याला ब्रश द्या. मालक म्हणाले, याला येतं का काही? मी म्हटलं, येईल. आणि आलं की. आज लांबलांबून लोक विचारत येतात — तो बारीक माणूस आहे का, त्याच्याकडूनच करून घ्यायचंय.

होता. होता असं लिहायचं का आता? नाही लिहिणार.

४ मार्च

आज सरळ विचारलं. "बारक्या, तुला काय हवंय ते सांग. काहीही सांग. मी करते."

छताकडे बघत राहिला. मग म्हणाला, "काही नको गं. बस जरा."

मी म्हटलं, नुसतं बसून काय होणार आहे? माझे हातपाय धड आहेत अजून. मग मलाच सुचलं. पातेलं! त्याला पातेल्यात बसवायचं, तळ्यात एक मोठी फेरी मारायची, पार पलीकडच्या झाडांपर्यंत. लहानपणी भाड्याच्या होडीत बसायचंय म्हणून रडायचा तो. म्हटलं, बघ, कसं वाटतं?

पातेलं म्हणजे त्याची होडी. अॅल्युमिनियमची, बारा फुटी. भंगारात निघाली होती, ती याने उचलून आणली. इतके पोचे की सगळं यार्ड तिला पातेलं म्हणायला लागलं, शेवटी तोही. चार वर्षं झाली, माझ्या शेडमागे ताडपत्रीखाली पडून आहे. जगाच्या होड्या रंगवल्या, स्वतःच्या होडीला वेळ नाही.

तो म्हणाला, "तिचा तळ गेलाय ताई. रंगवल्याशिवाय पाण्यात घालता नाही यायची."

"मग मी रंगवते."

"तू?" असं म्हणून हसला तो. हसता हसता खोकला लागला, इतका की भावजय धावत आली आणि माझ्याकडे असं बघितलं की जसा काही मीच गळा दाबलाय त्याचा.

पण ठरलं. मला आता बरं वाटतंय. करायला काहीतरी आहे.

५ मार्च

मालकांनी चार माणसं दिली. पातेलं उलटं करून दोन लाकडी घोड्यांवर टेकवलं. तळ बघितला — जुना रंग कुठे आहे, कुठे नाही, मध्ये वाळलेलं शेवाळ, दगडासारखे शिंपले चिकटलेले. मोबाईलवर फोटो काढून संध्याकाळी त्याला दाखवला. बोटांनी मोठा करून बघत होता. डोळे लकाकले त्याचे, खोटं नाही सांगत.

"आधी सगळं खरवड. पार चकचकीत पत्रा दिसेपर्यंत. आणि ताई, तोंडाला मास्क बांध. चांगला, डबल फिल्टरचा."

"तू कधी बांधलास?"

"नाही बांधला."



७ मार्च

खांदे गेले. पेन धरवत नाही.

८ मार्च, रविवार

आज माझी फजिती. रंगाच्या दुकानात गेले, ऐटीत म्हटलं, होडीच्या तळाचा रंग द्या, सगळ्यात भारी. त्याने एक तांबूस डबा दिला. म्हणाला, शेवाळ काय, शिंपला काय, जवळपास फिरकणार नाही. मी तो घेऊन थेट बारक्याकडे. शाबासकी मिळेल या आशेने!

बारक्याने डबा हातात घेतला आणि आठ दिवसांत पहिल्यांदा स्वतःचं स्वतः ताठ उठून बसला.

"हा तांब्याचा आहे. लाकडाला चालतो, फायबरला चालतो. अॅल्युमिनियमला लावलास तर एका मोसमात पत्र्याची चाळण होईल. तांबं खाऊन टाकतं त्याला."

"अरे पण दोन्ही धातूच ना?"

"म्हणूनच. तू आणि तुझी शेजारीण दोघी बायकाच ना?"

भावजय हसली. मीसुद्धा. तिघं हसलो. किती दिवसांनी.

मग दुकानदाराकडे जाऊन त्याला जे काय ऐकवायचं ते ऐकवलं. बिनतांब्याचा रंग मागवलाय, शुक्रवारपर्यंत येईल.

१० मार्च

पत्रा उघडा झाला. ऊन पडलं की डोळे दिपतात. सकाळी बारक्याचा फोन. आवाज बारीक पण हुकूम मोठा: "आजच्या आज प्रायमर. उघड्या पत्र्यावर हवेनेच साय धरते, दिसत नाही, पण रंग तिच्यावर टिकत नाही. आधी थिनरने पूस. हात लावू नकोस, हाताचं तेल लागतं." हात न लावता कसं पुसायचं ते विचारलं तर म्हणाला, "हातमोजे घाल, ताई." माझं डोकं आणि त्याचं डोकं!

दुपारपर्यंत प्रायमरचा पहिला हात दिला. राखाडी. पहिल्यांदा रोलर धरला आयुष्यात, एकसष्टाव्या वर्षी. संध्याकाळी फोटो दाखवला.

"छान," तो म्हणाला. "आता तीन दिवस तिकडे फिरकायचं नाही. नीट वाळू दे. तीन दिवस तुला काही काम नाही. सकाळी ये इकडे."

मालक म्हणाले, "तीन दिवस? एवढ्या उन्हात?" मी म्हटलं, मालक, तुम्ही ऑफिस सांभाळा, रंगाचं त्याला कळतं. मालक हसले आणि निघून गेले.

११ मार्च

पातेल्यातली बसायची फळी बघितली. कोरडी, टणक. बारक्याच्या पाठीचे मणके आता शर्टावरून मोजता येतात. त्या फळीवर पाच मिनिटं बसणार नाही तो. चार इंची फोम कापला. बसायला एक, पाठीला एक, आणि मान टेकायला छोटी तिसरी. पट्टे लावायचे म्हणजे घसरणार नाही. दिवस कसा गेला कळलं नाही.

भावजयीचा फोन — "ताई, ते विचारतायत, कधी येताय." म्हटलं, एवढी शिलाई संपली की आलेच. गेले तेव्हा झोपला होता.

१३ मार्च

तिन्ही गाद्या झाल्या. माझ्या हातून इतकं सुबक काम बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं. काठाला दुहेरी शिवण घातलीय. कुणाला दिसणार नाही ती, पण त्याला दिसेल. त्यातली एक दाखवायला नेली तर त्याने शिवणीवरून बोट फिरवलं. "ताई, एवढं कशाला?" म्हणाला.

मी म्हटलं, कशाला म्हणजे? तुझ्यासाठी.

१४ मार्च

प्रायमरचा दुसरा हात. फोटो बघून ओरडा खाल्ला. "उजवीकडे ओघळ आलाय. तिसऱ्या पट्टीखाली. तो घास, पुन्हा मार." अंथरुणात पडून तिसऱ्या पट्टीखालचा ओघळ दिसतो याला! घासला, मारला.

"आता चार दिवस."

"चार? मागे तीन होते."

"दुसरा हात जाड असतो."

असेल. मला काय कळतंय त्यातलं.

१६ मार्च

प्राणवायूचं मशीन घरी आणलं. दिवसभर घुर्रघुर्र करतं. बारक्या म्हणतो, यार्डातल्या कॉम्प्रेसरपेक्षा बरं आहे. चेष्टा करतोय तोवर काळजी नाही, असं मी मनाला बजावते. मन काही ऐकत नाही.

छत शिवायला घेतलंय. तळ्यावर सावलीचा ठिपका नसतो. चार काठ्या, वर पांढरं कापड, बाजूंना दोऱ्या. ऊन सोसायचं नाही त्याला.

१७ मार्च

भावजयीशी वाजलं. लिहून टाकते, नाहीतर डोक्यात राहील.

संध्याकाळी गेले तर ती दारातच. म्हणाली, "ताई, पुरे करा ना ते आता."

मी म्हटलं, काय पुरे करू?

"ते सगळं. होडी, गाद्या, छत. दहा मिनिटं येता, फोटो दाखवता, जाता."

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, मी काय मजा मारतेय का तिकडे? हात बघ माझे, थिनरने साल निघालीय. तू त्याची बायको असशील, पण त्याला वाढवलाय मी. त्याला काय हवं, काय नको, ते मला विचारायचं.

ती मग म्हणाली, "हो. तुम्हालाच विचारायचं." आणि बाजूला झाली.

लागेल असं बोलले मी. कळतंय मला. पण तिने तरी अशा वेळी पाय ओढावेत?

१९ मार्च, गुरुवार

रंग. शेवटी खरा रंग. कुठला हवा म्हणून विचारलं होतं तर म्हणाला, "तुला आवडेल तो." मी हिरवा घेतला. सकाळी सात वाजता सुरू केलं, ऊन चढायच्या आत संपवलं. ओघळ नाही, फराटा नाही. यार्डातला वेल्डर काम टाकून बघायला आला. म्हणाला, "बाई, बारक्याची नोकरी घालवणार तुम्ही." बोलला आणि त्याची त्यालाच जीभ चावावीशी वाटली. बिचारा.

बारक्याने फोटो बराच वेळ बघितला. आता बोलताना दोन शब्दांनी दम लागतो. "एकच नंबर," म्हणाला. मग दम घेऊन, "पाच दिवस."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्याच्याशी रंगावरून वाद घातला. म्हटलं, बारक्या, पाच जरा जास्त नाही का होत? मला भीती वाटतेय रे. कशाची ते नाही बोलले. त्याला कळलं.

"रंगाला... घाई... चालत नाही, ताई." मग भिंतीकडे बघत म्हणाला, "तू दमलीयस. थांब ना... आज."

म्हटलं, छताचे कोपरे राहिलेत रे, ते झाले की मोकळी झाले मी. मग तुझ्याचकडे. त्याने मान हलवली.

२० मार्च

कोपरे झाले. वाऱ्याने फडफडणार म्हणून आता खालून दोरी ओवायची.

२२ मार्च, रविवार

आज वाक्य पुरं होत नव्हतं त्याचं. भावजय ओठांना कान लावून ऐकते आणि आम्हाला सांगते.

मी सरळ यार्डात गेले. मालकांना म्हटलं, उद्या सकाळी होडी पाण्यात. मालक म्हणाले, आज घाला, रंग खडखडीत वाळलाय, मी नख लावून बघितलं. माणसं ठरवली. वेल्डर आणि मालकांचा पुतण्या त्याला खुर्चीसकट उचलणार. धक्क्यापर्यंत गाडी. प्राणवायूची छोटी नळकांडी. एकूण एक गोष्ट ठरवली मी. माझ्यासारखं ठरवायला कुणाला जमणार नाही.

त्याच्या घरी जाऊन सांगितलं, "उद्या जायचं."

त्याने माझं मनगट धरलं. कुठून आली एवढी ताकद कोण जाणे.

"ओला आहे."

"नाही रे, वाळला. मालकांनी बघितलं."

"आतून... ओला." आणि सोडेना मनगट.

मी काय करणार? अठ्ठावीस वर्षं या माणसाने कुणालाही ओल्या रंगावर होडी पाण्यात घालू दिली नाही. बड्या बड्या गिऱ्हाइकांना परत पाठवलंय. त्याचीच होडी मी कशी घालू? म्हटलं, बरं बाबा. मंगळवारी. पाच म्हणजे पाच.

तेव्हा सोडलं.

२३ मार्च

गेला. सकाळी नऊ वाजता. मी यार्डात होते, छताची शेवटची दोरी ओवत.

२६ मार्च

एक दिवस. फक्त एक दिवस राहिला होता.

पोचवून आलो त्याला. लोक येतात, बसतात, जातात. भावजय माझ्याशी बोलत नाही. कशाला तरी कान लावून ऐकत असल्यासारखी बसलेली असते, प्राणवायूच्या मशीनच्या आवाजाची सवय झालीय तिला, तो बंद झालाय. कोण तिला दोष देईल? रविवारी मी हट्ट केला असता तर तिच्या नवऱ्याला शेवटचं एकदा तळं दिसलं असतं. रंग वाळलाय म्हणून मालकांनी सांगितलं. मी जन्मभर कुणाचं ऐकलं नाही आणि बारक्याचं ऐकलं ते नेमकं या वेळी.

२७ मार्च

यार्डात गेले. हिरवागार तळ, उलटा, तसाच घोड्यांवर. नख लावलं. ओरखडासुद्धा उठला नाही. जोरात लावलं, नख तुटलं. मग तिथेच खाली बसून रडले, बोंबलून रडले म्हटलं तरी चालेल. वेल्डरने आपलं मशीन चालू केलं, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. भला माणूस.

३० मार्च

मालकांनी विचारलं, होडीचं काय करायचं. म्हटलं, राहू दे.

घरात बसवत नाही. त्याचे लहानपणचे उद्योग आठवत राहतात. त्याला दूध आवडायचं नाही. मी ग्लास भरून समोर ठेवायची आणि संपेपर्यंत उठायचं नाही म्हणायची. तो नको म्हणायचा नाही. घोटभर प्यायचा, मग म्हणायचा, गरम आहे, थोडं निवू दे. परत घोटभर. परत निवू दे. अर्धा अर्धा तास चालायचं ते. मी शेजारी बसून राहायची. मला वाटायचं, काय गुणाचं पोर आहे, एक शब्द उलटा बोलत नाही. लग्नाचंही मीच ठरवलं. तेव्हाही नाही म्हणाला नाही. सुदैवाने मुलगी चांगली निघाली.

तिच्याकडे जायला हवं. माफी मागायला हवी. मंगळवारी जाईन म्हणते. मंगळवारी नको. गुरुवारी.

२ एप्रिल, गुरुवार

गेले. म्हटलं, माझं चुकलं. त्या पाच दिवसांपायी त्याची फेरी हुकली.

भावजय म्हणाली, "ताई, त्यांना होडीत जायचंच नव्हतं. कूस बदलताना जीव जायचा त्यांचा, तिथे खुर्चीत घालून उचलणार कसे? तुम्हाला नाही म्हणवेना त्यांच्याने. तो रंग एका रात्रीत वाळतो. मला सांगितलं होतं त्यांनी, आणि तुम्हाला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली होती. म्हणाले, वाळेपर्यंत ताईला काही काम नसेल, तेवढे दिवस तरी माझ्याजवळ बसेल."

तीन, मग चार, मग पाच. बारा दिवस. मी त्यांत गाद्या शिवल्या.